मोल्डेड प्लॅस्टिकचं ऑफिस टेबल, खणांसकट: अखंड साचा काढावा की तुकड्यांत?

लोअरपरळ_ड्रॉइंगबोर्ड

छोटी ऑफिसं, क्लासेसचे काउंटर, दवाखान्यांची रिसेप्शन अशा जागांसाठी टेबल डिझाइन करतोय. माप १२०० × ६०० मिमी, उंची ७४० मिमी. उजव्या हाताला तीन खण, डावीकडे उघडा कप्पा. तळमजल्याच्या गाळ्यांत पार्टिकल बोर्ड दोन पावसाळ्यांत खालून फुगतो, म्हणून लाकूड टाळायचंय. क्लायंटला एकही जोड न दिसणारं, अखंड प्लॅस्टिक हवंय: टॉप, पाय आणि खणांचं खोकं एकाच तुकड्यात, खण तेवढे वेगळे.

सध्याचं ड्रॉइंग असं: पीपी (पॉलिप्रॉपिलिन), टॉपची कातडी ३.५ मिमी, खाली ३० मिमी उंच आणि २ मिमी जाड रिब्स (आधाराच्या उभ्या पट्ट्या), दर ६० मिमीला एक. आत लोखंड नाही. पहिली मागणी ४०० नग, चाललं तर वर्षाला दोन-तीन हजार.

विचारायचं ते हे: टॉपला झोल पडेल का? अखंड साचा परवडेल का? आणि खणांना टेलिस्कोपिक चॅनल (खण सरकवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) लावावं की प्लॅस्टिकचीच खाच पुरे?

---

साचा_आणि_सळई

झोल पडेल, आणि थोडाथोडका नाही.

तुमच्याच मापांवर हिशेब मांडतो. ६०० रुंदीत ११ रिब्स येतात. कातडी आणि रिब्स मिळून सेक्शनचा जडत्व घूर्ण (आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध) साधारण १,९२,००० मिमी⁴ होतो. पीपीचा मॉड्यूलस (ताठपणाचा आकडा) १३०० मेगापास्कल, आधारांमधलं अंतर ११०० मिमी आणि मधोमध ५० किलो धरले, तर टॉप ५४ मिमी खाली येतो. तेच वजन सारखं पसरलं तरी ३४ मिमी. आणि हा झाला वजन ठेवल्या क्षणीचा आकडा.

खरी गोची त्यानंतर सुरू होते. प्लॅस्टिकवर कायमचं वजन राहिलं की ते हळूहळू वाकत जातं, म्हणजे क्रीप. पीपीचं डिझाइन करताना बरीच वर्षं राहणाऱ्या वजनासाठी कॅटलॉगमधल्या मॉड्यूलसचा तिसरा-चौथा हिस्साच धरायचा. ऑफिसात प्रिंटर आणि फायलींची चळत एकाच कोपऱ्यात वर्षानुवर्षं असते, त्यामुळे हे कागदावरचं भय नाही. त्यात रविवारी एसी बंद, पश्चिमेच्या काचेतून ऊन, आणि गरम पीपी आणखी मऊ.

रिब जाड करून सुटका नाही. रिबची जाडी कातडीच्या ५० ते ६० टक्क्यांवर गेली की वरच्या बाजूला सिंक मार्क (खोलगट डाग) उमटतो, आणि चकचकीत पांढऱ्या टॉपवर तो ट्यूबलाइटखाली रांगेनं दिसतो. ३० टक्के ग्लास भरलेलं पीपी घेतलं तर मॉड्यूलस ५००० च्या आसपास जातो आणि तोच आकडा ५४ वरून १४ वर येतो. तरी १४ मिमी म्हणजे पेन घरंगळणारच. शिवाय ग्लासचे धागे प्रवाहाच्या दिशेनं लागतात, दोन दिशांना आकुंचन वेगळं होतं आणि टॉप पिळतो.

आता दुसरी बाजू. ४० × २० × १.६ चा एक चौकोनी पाइप, उभा धरून, त्याच ११०० च्या अंतरावर मधोमध ५० किलोला १.८ मिमी वाकतो. असे दोन पाइप असले तर ०.९. आणि पोलादाला या तापमानात क्रीप नाही. म्हणून वजन पोलादानं घ्यायचं. प्लॅस्टिकनं अंग, कातडी आणि खण व्हायचं. क्लायंटला जोड नको असेल तर पाइप खालून रिब्सच्या खाचांत लपवा, वरून काही दिसत नाही.

पण पाइप बोल्टनं घट्ट आवळून टाकू नका. पीपी तापमानाला पोलादाच्या जवळपास दहापट फुलतं. १२०० च्या लांबीत १५ अंशांच्या फरकाला दोघांत सुमारे २ मिमी तफावत पडते. मधला एक बोल्ट पक्का, बाकीच्यांना ५.५ × १० ची लांबट भोकं आणि मोठा वॉशर. सगळीकडे गोल भोकं ठेवली की टॉप मधून फुगतो, किंवा कडेचा बॉस (स्क्रू-बोल्ट बसतो तो प्लॅस्टिकचा उंचवटा) तडकतो.

---

वालीव_जॉबवर्क

वरच्या उत्तराला पूर्ण सहमत. आता मशीनचं बोलू, कारण डिझाइन शेवटी तिथंच अडतं.

इंजेक्शनला, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक दाबानं साच्यात भरायला, क्लॅम्पचा (साचा मिटून धरणाऱ्या पकडीचा) टनेज वरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर ठरतो. पीपीला दर चौरस सेंमीला ०.३ टन हा खालचा अंदाज. १२०० × ६०० म्हणजे ७२०० चौरस सेंमी, म्हणजे २१६० टन, आणि तेही नुसत्या टॉपला. पाय आणि खोकं अखंड जोडलं की साच्याची खोली ७०० मिमीच्या पुढं जाते. साचा १६०० × १००० × ९०० चा धरला तर पोलादच ११ टनांच्या वर. असा साचा बांधायला, उचलायला, मशीनवर चढवायला जागा मोजक्याच. वसई, पालघर, दमण पट्ट्यात ४५० टनांपर्यंतचं जॉबवर्क सहज मिळतं. त्यापुढं पर्याय कमी होत जातात आणि ताशी दर वाढत जातो.

म्हणून आधी मशीन ठरवा, मग तुकडे पाडा. ४०० × ६०० च्या तीन सारख्या फरश्या करून टॉप बनवला तर एका फरशीला ७२० ते ८४० टन लागतात आणि साचा एकच! खणाचं माप ३७० × ३०० धरलं तर १११० चौरस सेंमी, म्हणजे ४०० टनांच्या आतबाहेर.

फरशी केली की पाइप दोन नाही, तीन घ्या: पुढे, मधे, मागे. दोनच असले तर फरशी मधल्या ४०० मिमीत ५० किलोला जवळपास ४ मिमी दबते. तिसऱ्यानं गाळा २०० चा होतो आणि दाब अर्ध्या मिमीवर येतो. जोडाला खाच-जीभ द्या, १ मिमी फट ठेवा आणि फटीखाली एक पन्हाळ काढून ती मागच्या बाजूला सोडा. नाहीतर सांडलेला चहा जोडातून थेट वरच्या खणात जातो, आणि वरच्या खणात चेकबुकं असतात.

अखंड खोक्याची दुसरी अडचण ड्राफ्टची. साच्यातून माल सुटायला भिंतींना उतार लागतो, किमान १ अंश. टेक्स्चर दिलं तर त्याच्या दर ०.०२५ मिमी खोलीला आणखी १ ते १.५ अंश. ५०० खोलीच्या खोक्याला १ अंश म्हणजे एका बाजूला ८.७ मिमी. पुढचं तोंड आणि मागची भिंत यांच्या रुंदीत साडेसतरा मिमीचा फरक! टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही भिंती समांतर लागतात. फाकलेल्या खोक्यात लावलेला खण पुढे मोकळा आणि आत अडकलेला. म्हणजे खोकं एका तुकड्यात काढू नका. दोन बाजू, मागची पाठ आणि तळ असे सपाट तुकडे काढा आणि जुळवा. सपाट तुकड्याला ड्राफ्ट जाडीच्या दिशेनं येतो, तो कुणाला दिसतही नाही. दोन बाजू एकमेकींची आरशातली प्रतिमा न करता, भोकं सममित ठेवून एकाच साच्यातून काढा. एक साचा वाचला.

साच्याचा खर्च नगांवर वाटून बघा. समजा एक साचा २० लाखांचा. ४०० नगांवर नगामागे ५,००० रुपये, ३,००० नगांवर ६६७. पहिल्या ४०० साठी टॉपचा साचा काढूच नका, असं माझं मत. टॉप १२ मिमी कॉम्पॅक्ट लॅमिनेटचा (सनमायकाच्याच जातीचा जाड पाट) घ्या. वजन १२ किलोच्या आसपास, पाण्याला घाबरत नाही, कड उघडी ठेवली तरी चालते. प्लॅस्टिकचे साचे खण आणि बाजूंपुरते.

---

रोटोवाला

४०० नगांना इंजेक्शनच का? रोटोमोल्डिंगला, म्हणजे प्लॅस्टिकची पूड तापत्या साच्यात फिरवून पोकळ माल काढायला, साचा पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, इंजेक्शनच्या साच्याच्या काही टक्क्यांत. पाण्याच्या टाक्या काढणारे हेच काम करतात. एलएलडीपीई (टाक्यांचं पॉलिथिन), भिंत ५ मिमी, पोकळ अंग, पाय-टॉप-कप्पा अखंड. क्लायंटला हवं तेच.

मात्र सपाट मोठा टॉप सरळ राहत नाही. मधे खोलगट होतो किंवा फुगतो. वरची आणि खालची भिंत मधेमधे चिकटवून घ्यावी लागते आणि टॉपला २-३ मिमीचा बाक द्यावा लागतो. एलएलडीपीई पीपीपेक्षाही मऊ, म्हणून पोटात पाइप घालायची सोय लागेलच.

---

साचा_आणि_सळई

रोटो उघड्या कप्प्यांना उत्तम, खणांना नाही. मापात एक टक्का इकडेतिकडे होतो. ४०० रुंदीत तो ४ मिमी. चॅनलला दोन्ही बाजूंना प्रत्येकी १२.७ मिमी जागा लागते. त्याहून कमी चालत नाही, वर ०.८ पर्यंत चालतं. ४ मिमीची चूक कुठं जिरवणार?

---

रोटोवाला

मान्य. खण हवे असतील तर रोटोच्या पोकळीत तयार लोखंडी पेडेस्टल (खणांचं छोटं कपाट) सरकवायचा.

---

नागदेवी_नटबोल्ट

खणांबद्दल. प्लॅस्टिकची खाच घरातल्या कपड्यांच्या खणाला चालते, ऑफिसला नाही. ७५ जीएसएमचा ए४ चा एक रिम २.३४ किलो. खालच्या खणात पाच-सहा भरल्या बॉक्स फाइल्स आल्या की दहा-बारा किलो कुठंच गेले नाहीत. पीपीवर पीपी घासलं की आधी चर्र वाजतं, मग भुकटी पडते, मग खण तिरका बसतो. खाचच करायची तर खणाला ॲसिटलचे रोलर लावा, आणि फक्त वरच्या, पेन-स्टेपलरच्या खणाला. खालच्या दोघांना ४५ मिमी रुंद बॉल-बेअरिंगचं पूर्ण उघडणारं चॅनल.

चॅनल खणाच्या भिंतीला थेट मारू नका. खणाच्या भिंतीलाही ड्राफ्ट असतो: १०० उंचीला दीड अंश म्हणजे २.६ मिमी. चॅनल तिरकं बसतं आणि बेअरिंग एका कडेला घासतात. भिंतीबाहेर रिब्सची उशी काढा, वर कमी आणि खाली जास्त पुढे आलेली, म्हणजे चॅनलचा माथा उभा राहील. उशीच्या ४५ मिमी उंचीला अर्धा अंश पुरतो, तेवढ्यात फरक ०.४ मिमीचा. ही उशी ड्रॉइंगमध्ये नसली की साइटवर कारागीर पुठ्ठ्याचे तुकडे कोंबतो.

स्क्रू: पीपीला प्लॅस्टिकचे थ्रेड-फॉर्मिंग स्क्रू, भोक स्क्रूच्या व्यासाच्या ०.७ च्या आसपास, बॉसचा बाहेरचा व्यास दुप्पट ते अडीचपट. बॉस भिंतीला अख्खा चिकटवू नका, नाहीतर बाहेर सिंक. थोडा सुटा ठेवून दोन पातळ रिब्सनी बांधा. पाय, चॅनल असं जे पुन्हा पुन्हा खोललं जाणार तिथं पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली नळी), एम५. लाकडाचे स्क्रू मारले की बॉस उभा फाटतो. नागदेवी स्ट्रीटला थ्रेड-फॉर्मिंग मागाल तर नमुना हातात घेऊन, पीचचं अंतर बघून घ्या. नावावर जाऊ नका.

कुलूप: कॅम लॉकला १९ मिमीचं भोक लागतं. प्लॅस्टिकचा पुढचा पाट ओढला की वाकतो आणि कुलपाची जीभ सुटते. जीभ जिथं अडकते तिथं पत्र्याची पट्टी द्या आणि भोकाभोवती रिबचं कडं. चावी असूनही खण हिसक्यानं उघडतो अशी तक्रार येते, ती याचमुळे.

---

लोअरपरळ_ड्रॉइंगबोर्ड

मंडळी, बरंच पदरात पडलं. अखंडचा हट्ट सोडतो, क्लायंटला वालीवभाऊंचा साडेसतरा मिमीच दाखवतो. पुढचे तीन: दाणा कुठला? खण तीन रंगांत हवेत, एकाच साच्यातून चालेल ना? आणि कॉम्पॅक्ट महाग पडला तर पीपीच्या टॉपवर सनमायका चिकटवता येईल का?

---

दाणेवाला_भिवंडी

खणांना इम्पॅक्ट कोपॉलिमर (धक्का सोसणारं पीपी). होमोपॉलिमर (साधं पीपी) जास्त ताठ असतं खरं, पण भरलेला खण हातातून निसटून लादीवर पडला की कोपऱ्यातून फुटतं. बाजूंना होमोपॉलिमर किंवा २० टक्के टाल्क (दगडाची पूड) मिसळलेलं चालेल. टाल्कनं ताठपणा वाढतो, आकुंचन कमी होतं, पण नखाचा ओरखडाही पांढरा दिसतो. गडद रंगात टाल्क नको.

रिप्रोसेस दाणा स्वस्त पडतो. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये वेगळं करून दळलेला चांगला मालही मिळतो, पण दोन गोण्यांचा एमएफआय (वितळल्यावर किती वाहतं त्याचा आकडा) सारखा असेलच असं नाही. एमएफआय बदलला की भरणं बदलतं, भरणं बदललं की माप. न दिसणाऱ्या भागांत, म्हणजे तळ, केबलची पन्हाळ, पायांची टोपणं, यांत वापरा. चॅनल बसणाऱ्या तुकड्यांत नको.

रंगाचं मात्र नीट ऐका. थॅलोसायनिन निळा आणि हिरवा हे रंग पीपीत स्फटिक लवकर जमवतात, त्यामुळं आकुंचन बदलतं. त्याच साच्यातून, त्याच सेटिंगवर पांढरा खण सरळ येतो आणि निळा पिळतो. ३७० च्या लांबीत ०.३ टक्के फरक म्हणजे १.१ मिमी. चॅनलची ०.८ ची सवलत तिथंच संपली. तिन्ही रंग हवेतच तर साच्याची पहिली ट्रायल निळ्यावर घ्या, पांढऱ्यावर नाही. जमल्यास रंग फक्त खणाच्या पुढच्या वेगळ्या पाटाला द्या आणि खणाचं अंग तिन्हींत एकाच राखाडीत ठेवा. पाट क्लिपनं बसतो, मोडला तर बदलताही येतो.

आणि माल साच्यातून निघाल्याबरोबर कॅलिपर लावू नका. पीपी पुढचे एक-दोन दिवस आकसत राहतं. ४८ तासांनी मोजा, मगच भोकांची मापं पक्की करा.

सनमायका नाही. पीपीच्या पृष्ठभागाला गोंद धरत नाही. फ्लेम किंवा कोरोना ट्रीटमेंट आणि वर प्रायमर केलं तर धरतो, पण लॅमिनेट आणि पीपी वेगवेगळे फुलतात आणि उन्हाळ्यात कडा उचकटतात. पीपीचाच टॉप ठेवायचा तर बारीक मॅट टेक्स्चर, अँटिस्टॅटिक मास्टरबॅच, म्हणजे दाण्यात मिसळायचं मिश्रण (नाहीतर एसीच्या कोरड्या हवेत धूळ चिकटून बसते), आणि खिडकीशेजारी जाणार असेल तर यूव्ही स्टॅबिलायझर.

---

वालीव_जॉबवर्क

चॅनलच्या भोकांना मी बाजूवर दोन्ही मापं ठेवीन: एक गोल, एक लांबट. फिटर आधी लांबट भोकावर बसवतो, खण चालवून बघतो, मग गोल मारतो.

वायरिंगबद्दल कुणी लिहिलं नाही. साधं पीपी पेट घेतं आणि जळते थेंब खाली टपकतात. सॉकेटची पट्टी प्लॅस्टिकच्या पन्हाळीत नको, पत्र्याच्या पेटीत बसवा आणि पेटी व पाइप दोन्ही वायरिंगच्या अर्थला जोडा. टॉपला ६० मिमीचं ग्रोमेट (वायर जाण्याच्या भोकाचं कडं). बंद खणात चार्जर ठेवायची सोय म्हणून भोक पाडून देऊ नका, लोक आत अडॅप्टर लावून खण बंद करतात.

पाइपची तोंडं टोपणांनी बंद करा, पण खालच्या बाजूला ४ मिमीचं एक भोक ठेवा. आतला दमटपणा बाहेर पडायला वाट नसली की इथल्या हवेत पाइप आतून गंजतो, आणि पावडर कोटिंग बाहेरून नवंच्या नवं दिसतं. खोक्याचा तळ जमिनीपासून १०० मिमी वर घ्या, पोछा फिरला पाहिजे.

---

लोअरपरळ_ड्रॉइंगबोर्ड

फोर्टमधल्या जुन्या इमारतींत लिफ्टमध्ये १२०० चा टॉप आडवा जात नाही, म्हणून सुटं पाठवून जागेवर जोडणार. चाचणी कशी घेऊ? लॅबआधी घरच्या घरी काही?

---

साचा_आणि_सळई

टॉपवर मधोमध ४० किलो ठेवा आणि जिथं एसी बंद असतो अशा खोलीत डायल गेज लावा. आकडा १ तासाला, १० तासांना, १०० तासांना लिहा. क्रीप साधारण दर दसपटीला सारख्या टप्प्यानं वाढतो. १ ते १० मध्ये ०.३ मिमी आणि १० ते १०० मध्येही ०.३ आलं, तर १०,००० तासांना, म्हणजे चौदा महिन्यांना, आणखी ०.६ धरा. दुसरा टप्पा पहिल्यापेक्षा मोठा आला तर थांबा: कुठंतरी बॉस सरकतोय किंवा वजन पाइपवर न जाता कातडीवर जातंय. वाकलेल्या कातडीखाली कागदाची पट्टी घालून बघा. पाइप आणि रिब यांच्यात ती सरकली तर तिथं आधारच लागत नाहीये.

खणाला वेगळी चाचणी: १२ किलो भरून पूर्ण बाहेर ओढा आणि टेबल पुढं कलंडतं का बघा. प्लॅस्टिकचं टेबल हलकं असतं, दोन भरलेले खण एकदम उघडले की मागचे पाय उचलतात. एका वेळी एकच खण उघडेल असा अडसर लागेल, किंवा खालचा खण अर्धाच बाहेर येईल असं चॅनल.

लॅबला जाताना आयएस १७६३३ (टेबलं आणि डेस्क) आणि आयएस १७६३४ (स्टोरेज) दोन्ही विचारा, कारण तुमच्या नगात दोन्ही आहे. निर्यातीची गोष्ट असेल तर अमेरिकेचं बिफ्मा एक्स५.५. फर्निचरचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२५ मध्ये निघालाय. तुमच्या मालाला तो कधीपासून लागू आहे हे बीआयएसकडे (भारतीय मानक ब्यूरो) तपासून मगच साच्याचं पोलाद कापायला द्या. चाचणीनंतर बाजूची जाडी बदलावी लागली तर साच्यात लोखंड खरवडून माल जाड करता येतो. पातळ करायचा तर वेल्डिंग करून भरावं लागतं. म्हणून पहिली ट्रायल पातळच घ्या: बाजूला २.८, गरज पडली तर ३.२.